प्रश्न विचारणारी मुलगी

पाहुण्यांना आधी पोटभर जेवू घालायचं आणि मगच मुलगी दाखवायची, असा बेत मंगळवार पेठेतल्या बाबासोंनी आखला होता. भरल्या पोटी माणूस प्रश्न कमी विचारतो, असा त्यांचा अनुभव. त्यांची प्रीती शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरी आली तरी तिची शाळा काही सुटत नसे. आधीची दोन स्थळं "पोरगी लई बोलती" म्हणून हातची गेली होती. तिसरंही तसंच जाणार की काय, या काळजीनं बाबासोंचा जीव टांगणीला लागला होता.

"इचारतील तेवढंच सांग," त्यांनी बजावलं. "सोताहून काय इचारायचं न्हाय."

"बरं," प्रीती म्हणाली. ती इतक्या सहज कबूल झाली म्हणून बाबासो आणखीच घाबरले.

वारणानगरहून प्रसेनजीत आणि त्याची आई आक्काताई आले. मुलगा डेअरीत नोकरीला, अंगानं सडपातळ, वागायला नम्र, पण चेहरा पार उतरलेला. पानं मांडली. बाबासोंनी स्वतः केलेला तांबडा रस्सा वाढला. प्रसेनजीतनं एक भुरका मारला आणि हळूच विचारलं, "मामा, संडास कुठं हाय?"

संडास बोळाच्या टोकाला होता. बाबासोंनी त्याला टमरेल देऊन तिथवर पोचवलं. तो परत आला, पानावर बसला आणि लगेच पुन्हा उठला. तिसऱ्या खेपेला बोळातल्या कट्ट्यावर बसलेल्या शेजारच्या केरबानं हाळी दिली, "बाबासो, काय घातलंस रं पावण्याला?"

"एका भुरक्यानं कुणाचं पोट बिघडतंय व्हय?" बाबासो भडकले.

आक्काताई ओशाळल्या. "रश्शाचा दोष न्हाय, दादा. काल जत्रंत ह्यानं बर्फाचं गोळं खाल्लं. पाटंपास्नं जुलाब लागल्यात. म्या पाण्याचा थेंबबी दिला न्हाय. पाजलं की तेच भाईर पडतंय."

आतल्या खोलीचा पडदा सर्रकन बाजूला झाला. "पाटंपास्नं पाणीच न्हाय?"

बाबासोंनी डोळे वटारले, खाकरून पाहिलं, पण प्रीती भिंतीला टेकलेल्या प्रसेनजीतसमोर जाऊन बसलीसुद्धा.

"रक्त पडतंय? ताप? उलटी?"

"न्हाय."

"लघवी कधी झाली?"

बाबासोंनी कपाळाला हात लावला. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीनं मुलाला विचारायचा हा प्रश्न होता का?

"सकाळी... थोडी," प्रसेनजीत पुटपुटला.

"जीभ दाखवा."

त्यानं आज्ञाधारकपणे जीभ काढली. ती कोरडी ठाक होती.

"मावशी, जुलाबात अंगातलं पाणी न् मीठ जातंय, त्यानंच माणूस दगावतं. जाईल तेवढं परत भरायला पायजे की!"

"आमच्यात आधीपास्नं पाणी बंदच करत्यात," आक्काताईंचा आवाज चढला.

"म्हणून तर पोरं हातची जात्यात!"

आक्काताईंनी झटकन तोंड फिरवलं. तिसरं स्थळही गेलं, हे बाबासोंनी ओळखलं.

प्रीतीनं उकळून गार केलेलं लिटरभर पाणी घेतलं, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवलं. "घोट घोट प्या. लघवी झाली न्हाय किंवा रक्त दिसलं, तर सरळ दवाखाना."

प्रसेनजीत घोट घोट पीत राहिला. ऊन कलायला लागलं तेव्हा तो उठून बसला होता, डोळ्यांत तरतरी आली होती आणि लघवी झाल्याचं त्यानं न विचारता सांगितलं होतं.

"माझा थोरला दीड वर्साचा हुता," आक्काताई अचानक बोलल्या. "जुलाबानंच गेला. पाणी पाणी करत हुता गं. मीच दिलं न्हाय. सांगणारं कुणी न्हवतं बघ." त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि प्रीतीचा हात धरला. "आमच्या कॉलनीतल्या बायकांस्नी सांगशील का हे समदं? आमाला पोरगी पसंत हाय."

बाबासोंना भरून आलं. इतकी वर्षं ज्या तोंडाला ते कुलूप घालू पाहत होते, त्याच तोंडानं काम केलं होतं.

"माझं एक इचारायचं ऱ्हायलंय," प्रीती म्हणाली.

"इचार, बाई, इचार," बाबासोच म्हणाले.

ती प्रसेनजीतकडे वळली. "मघाशी संडासहून येऊन पानावर बसलासा. साबणानं हात धुतलं हुतं?"

प्रसेनजीतनं आईकडं पाहिलं, बाबासोंकडं पाहिलं. मग खरं ते सांगितलं, "न्हाय."

मुलगा पसंत आहे की नाही, हे ऐकायला सगळे प्रीतीच्या तोंडाकडं बघत राहिले. प्रसेनजीत उठला, मोरीपाशी गेला आणि साबणाची वडी घेऊन हात चोळू लागला. बाबासो तांब्या घेऊन धावले.

"कोपरापतूर चोळा, पावणं," पाणी ओतता ओतता ते कुजबुजले. "ती बघतीया."