साठ्यांनी पकडलेल्या विजा

ढग दाटले की गार्चिंगमधले जर्मन लोक बाल्कनीतले कपडे आत घेतात. साठे माझं दार वाजवायचे. "चल रे, आली ती."

ती म्हणजे वीज. साठे आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये इंजिनिअर, माझ्याच मजल्यावर एकटे राहणारे. मी त्यांच्याहून बराच लहान, पीएच.डी. रखडलेला. माझा गुन्हा एवढाच, की माझ्याकडे जुनी का होईना, गाडी होती. आणि साठे विजेचा फोटो कधी काढत नसत, वीज पकडत.

त्याची रीत ठरलेली. गावाबाहेर मक्याच्या शेताकडेला गाडी लावायची, काच निम्मी उतरवायची, तिच्यावर तूरडाळीची पिशवी आणि पिशवीवर कॅमेरा. मग शटर उघडं ठेवून वाट बघायची. गाडी हलता कामा नये, म्हणून मीही हलता कामा नये. "श्वास घे, पण बेतानं," साठे म्हणायचे. पाऊस माझ्या सीटांवर. रविवारी त्याच डाळीचं वरण मला आग्रहानं वाढायचे.

एकदा पोलिसानं हटकलं. साठ्यांनी शांतपणे जर्मनमध्ये सांगितलं, "वीज पकडतोय." पोलिसानं माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही?"

"नाइन, नाही, हा ड्रायव्हर," साठेच म्हणाले.

खरा वैताग पुढेच. एक वीज मिळाली की साठे कॅमेरा बंद करत, आकाशात दिवाळी चाललेली असली तरी. "आल्झो, झालं, पकडली. घरी चल." एवढ्यासाठी माझ्या झोपेचं खोबरं.

एका उन्हाळ्यात मात्र वीज मिळाली, मक्यावर अगदी उभी, लख्ख, आणि साठे 'चल' म्हणेचनात.

"साठे, निघू या ना?"

"इराचा फोन आला होता."

इरा त्यांची मुलगी. घटस्फोटानंतर आईबरोबर बाड हॉम्बुर्गला असते, एवढंच मला ठाऊक होतं.

"लहानपणी विजेला फार घाबरायची. मी फोनवर सांगायचो, आज मी तिला इथेच पकडतो, मग ती तुझ्याकडे येणार नाही. घरी पोचलो की लगेच ईमेल करायचो. फोटो बघितला की झोपायची. एकच पुरायची तिला."

"मग?"

"काल म्हणाली, पापा, मी मोठी झालेय, आता भीती नाही वाटत. पाठवू नकोस. तेही जर्मनमध्ये."

इतकी वर्षं मी सुटकेची वाट बघत होतो. पण आनंद काही होईना, वाईटच वाटलं. शेवटी मीच गाडी सुरू केली.

पुढच्या वेळी ढग दाटले तेव्हा दार वाजलं नाही. बराच वेळ कूस बदलत पडलो. शेवटी वैतागून उठलो, स्वयंपाकघरातून तूरडाळीची पिशवी घेतली आणि साठ्यांचं दार वाजवलं. दार उघडंच होतं. आत ते बूट घालून, कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते.

"आता कुणासाठी रे?"

"माझ्यासाठी पकडा एक," मी म्हटलं. "मला झोप येत नाहीये."