हवालदार नाना आणि शेजारची राष्ट्रं

हवालदार नाना पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून खोलीत एकदा नजर फिरवली. एक खाट, एक स्टोव्ह, पुस्तकांच्या दोन ट्रंका आणि मी. मग मान हलवून म्हणाले, "स्पार्सली पॉप्युलेटेड. लिटरसी मातर शंभर टक्के."

वडूजच्या अलीकडच्या त्या गावात मी हायस्कुलात मास्तर म्हणून नवीनच गेलो होतो. आता नानांना जाऊन दोन महिने झालेत. त्यांच्याविषयी लिहायला रोज बसतो आणि चार ओळींवर थांबतो.

नानांचं इंग्रजी पलटणीतलं. बढतीसाठी एक परीक्षा द्यावी लागे. शिकवणाऱ्या सुभेदारानं सगळ्यांकडून एकच निबंध घोटून घेतला होता: एखाद्या देशाचं आणि तिथल्या लोकांचं वर्णन. परीक्षेत नेमका तोच आला. नाना पास झाले आणि पुढचं इंग्रजी शिकायची गरज संपली. इंग्रजीत चहा मागता येत नसे, पण देश मात्र कुठलाही सांगता येई.

साताऱ्याहून साहेब आला की पंचायत नानांनाच पुढे करी. एकदा एका साहेबानं त्यांना इंग्रजीत नाव विचारलं. नाना खाडकन टाचा जुळवून म्हणाले, "माउंटेनस, सर. मेनली अ‍ॅग्रिकल्चरल. नेटिव्हज आर हॉस्पिटेबल." साहेबानं ते आडनावासकट लिहून घेतलं, असं गाव सांगतं.

पण गावाला देश नव्हते, घरं होती. म्हणून नाना घरांचंच वर्णन करीत. समोरच्या घरात पाच सुना, त्यांची पोरं, वर दोन म्हशी. "डेन्सली पॉप्युलेटेड. बाहेरचं मानूस घ्यायचं बंद करा म्हनावं, पाटाला जागा न्हाई." कोपऱ्यावरच्या तीन भावांच्या तीन चुली: "आर्किपेलागो. पानी एकच, बेटं येगळी." ओढ्याकाठच्या म्हातारीला ते भेटेल तेव्हा विचारत, "काय आक्का, किनारपट्टी काय म्हनतीया?" म्हातारी म्हणे, "डास लय झाल्यात बगा."

"आन् नाना, तुमचं घर?" मी एकदा विचारलं.

"आमचं सॉव्हरिन. आमी कुनाच्या अध्यात न्हाई, कोन आमच्या मध्यात न्हाई."

ते खरं होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आलेल्या माणसाला बाहेर कट्ट्यावर बसवत. उंबरा ओलांडून आत गेलेला माणूस मी पाहिला नव्हता.

नानांच्या मागच्या भिंतीला लागून, माझ्या खोलीसमोर, ज्ञानू आणि सदू या भावांचं घर. दुष्काळाच्या पुढच्या वर्षी ते वाटून झालं. पुढचा सोपा आणि दार ज्ञानूला, मागची बाजू सदूला, बैल एकेक. येणंजाणं ज्ञानूच्या अंगणातून ठरलं. मग सदूच्या कोंबड्यांनी ज्ञानूची मेथी उकरली, शब्दाला शब्द वाढला आणि ज्ञानूनं अंगणात आडवी भिंत घातली. सदूच्या घराला वाटच उरली नाही. मागं ओढ्याची दरड. सदू शिडी लावून उतरे, पोरं घसरत जात. पण सदूची बायको हौसा डोक्यावर घागर घेऊन शिडी कशी चढणार?

नाना दोन दिवस ज्ञानूला समजावत होते. "ज्ञानबा, लँडलॉक्ड कंट्री हाय ती. तिला वाट द्याया लागती. जगाचा रिवाज हाय."

"जगाला म्हनावं, माझी मेथी भरून दे," ज्ञानू म्हणाला.

तिसऱ्या दिवशी नानांनी कुदळ घेतली आणि स्वतःच्याच मागच्या भिंतीला, सदूच्या बाजूला, भगदाड पाडलं. हौसाला बोलावून अटी सांगितल्या: "नुसतं ट्रान्झिट. थांबायचं न्हाई, बोलायचं न्हाई, जनावर आनायचं न्हाई."

हौसा म्हणाली, "व्हय मामंजी," आणि घागर घेऊन आरपार गेली.

आठवड्यात अटी ढिल्या झाल्या. पोरं शाळेला जाताना गुळाचा खडा मागू लागली. हौसा जाता जाता चूल फुंकून देई, कधी तव्यावर भाकरी टाकून जाई. एकदा शेळी आत येऊन नानांच्या अंथरुणावर बसली. मी विचारलं, तर नाना म्हणाले, "रेफ्युजी हाय. हाकलायचं कसं?"

मग बेंदूर आला. एकेका बैलाची मिरवणूक निघत नाही, जोडी लागते. दोघं भाऊ आपापला बैल धरून वेशीत उभे राहिले, लोक हसले, आणि बैल एका जुवाखाली आले. त्याच आठवड्यात अंगणातली भिंत माणूस जाईल एवढी फुटली. सदूच्या घरची माणसं पहिल्यासारखी ज्ञानूच्या अंगणातून जाऊ लागली.

गाव खूश होतं. नाना कट्ट्यावर बसून राहिले. मी म्हटलं, "बरं झालं, तह झाला." ते म्हणाले, "असले तह टिकत न्हाईत, मास्तर. आमचं भगदाड बुजवू नका म्हनावं."

तह टिकला. दहा-बारा दिवसांनी मी ज्ञानूच्या सोप्यात बसलो होतो, तिथं नाना आले. इकडचं तिकडचं बोलले आणि मग हळूच म्हणाले, "ज्ञानबा, सदू तुला काय म्हनतोय ठावं हाय का? मेथीचोर म्हनतोय. मी आपलं कानावर घातलं."

ज्ञानूनं पानाला चुना लावता लावता त्यांच्याकडे पाहिलं. "आसं म्हनतोय व्हय? बघतो त्याच्याकडं."

नाना गेल्यावर तो मला म्हणाला, "बघितलंसा मास्तर? मेथी माझी आन् चोर बी मीच! म्हाताऱ्याला करमंना." आणि भिंतीकडे तोंड करून ओरडला, "ये सद्या, हिकडं ये. आपल्याला भांडायचं हाय."

दुसऱ्या दिवशी भिंतीच्या फटीत बाभळीच्या फांद्या पडल्या. हौसा पुन्हा घागर घेऊन नानांच्या घरातून आरपार जाऊ लागली, पोरं गूळ मागू लागली. रोज सकाळी नाना तोंड धुवायला बाहेर आले की दोघं भाऊ भिंतीच्या दोन अंगांनी एकमेकांचा उद्धार करीत. कामं मात्र एकाच औतावर चालत.

हे काही वर्षं चाललं. एकदा नाना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पलटनीत लय लढाया बघितल्या, मास्तर, पर सकाळी गोळीबार आन् दुपारी बांधावर एकाच फडक्यातली भाकरी, ही लढाई न्हाई बघितली." मला हसू आलं. "तुमी बोलू नका कुठं," ते म्हणाले. "पोरं एवढी जीव तोडून भांडत्यात. त्यांचा हिरमोड हुईल."

नाना गेले तेव्हा पुढचे दोन खांदे ज्ञानू आणि सदूचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळी उठून दारात उभा राहिलो. ऊन भिंतीवर चढलं, हौसा ज्ञानूच्या अंगणातून पाण्याला गेली. शिवी कुणीच दिली नाही.