सुभेदार पुन्हा पास झाले

कानाच्या तपासणीत सुभेदार पास झाले आणि सुभेदारीणबाईंनी बाहेरच्या बाकावर बसूनच कपाळाला हात लावला.

खरं तर त्यांना नापास होण्यासाठी आणलं होतं. सुभेदारांची सगळी नोकरी तोफांच्या शेजारी गेली होती आणि तोफांनी त्यांचे कान ठेवून घेतले होते. अशा माजी सैनिकांना सरकारकडून कानाचं यंत्र फुकट मिळायचं. फक्त ऐकू येत नाही हे तपासणीत दिसावं लागे. बाईंना हे काम डाव्या हातचा मळ वाटलं होतं. गेली अकरा वर्षं त्या घरात ओरडूनच बोलत होत्या. गोळी घेतली का, पोट साफ झालं का, मुलीची सासू काय म्हणाली, हे सगळं सुभेदारांच्या आधी वरच्या मजल्यावर कळे. वरच्या वहिनी कधीकधी जिन्यातून उत्तरही देत. नवऱ्याशी एखादी गोष्ट हळू आवाजात बोलावी, एवढीच इच्छा बाईंची आता उरली होती.

पण सुभेदारांची सवय आडवी आली. फौजेत बत्तीस वर्षं दरवर्षी त्यांची वैद्यकीय तपासणी झाली होती आणि कागदावर एकदाही ‘अनफिट’ असा शेरा पडला नव्हता. इथे कानांवर हेडफोन आणि हातात बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं. समोर कानाच्या मॅडम आपल्या मशीनची कळ दाबत होत्या. सुभेदारांनी त्यांच्या बोटावर नजर रोखली. बोट हललं की बटण. वीसपैकी वीस.

या वयात असे कान क्वचितच बघायला मिळतात, असं मॅडम म्हणाल्या. सुभेदारांनी ते त्यांच्या ओठांवरून वाचलं आणि छाती पुढे काढली.

माजी सैनिकांच्या कार्यालयातल्या कारकुनाने तो कागद बघून अर्ज बाजूला ठेवला. फेरतपासणी एकदाच मिळेल, त्यातही कान चांगले निघाले तर फाइल कायमची बंद, असं त्याने बजावलं. घरी येताच बाईंनी नवऱ्याची शाळा घेतली.

"बटण दाबायचं नाही," त्या ओरडून म्हणाल्या.

"म्हणजे खोटं वागू?"

"खोटं कसलं त्यात? तुम्हाला ऐकू येतच नाही."

हे खरं असल्याचं वहिनींनी वरून सांगितलं.

फेरतपासणीच्या दिवशी बाईंनी आधीच मॅडमना गाठून नवऱ्याची खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली आणि स्वतः आत ठाण मांडलं. सुभेदार ताठ बसले. सुरुवातीचे मोठे आवाज त्यांनाही ऐकू आले. ते दर चार सेकंदांनी येतात हे तोफखान्यातल्या माणसाच्या ध्यानात यायला कितीसा वेळ लागणार? पुढे आवाज बारीक होत होत नाहीसे झाले, तरी सुभेदार मनात मोजत बटण दाबत राहिले. वीसपैकी एकोणीस. एक कुठे हुकला याची त्यांना रुखरुख लागली.

मॅडमनी शिक्का उचलला तशा बाई उठल्या. दोन मिनिटं थांबा, म्हणाल्या. त्यांनी मशीनचे आवाज बंद करायला लावले आणि मॅडमचा माइक मागून घेतला. मग नवऱ्याच्या पाठीकडे बघत त्या साध्या, हळू आवाजात बोलल्या. तो आवाज त्यांचा त्यांनाच नीट ऐकू आला नाही, पण मॅडमना आला.

"अहो, दमले हो मी. तुम्ही समोर बसलेले असता, तरी मला घरात एकटं वाटतं."

सुभेदारांनी बटण दाबलं.

"मेल्यावर तरी हळू बोलता येईल का हो तुमच्याशी?"

चार सेकंद झाले. सुभेदारांनी पुन्हा बटण दाबलं.

मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि कागदावर ‘अनफिट’ लिहिलं. ते वाचून सुभेदारांचं तोंड एवढंसं झालं. आपलं कुठे चुकलं, हे ते दोघींना विचारत राहिले.

आठ दिवसांनी यंत्र आलं. मॅडमनी ते कानात बसवलं आणि बाईंना काहीतरी बोलायला सांगितलं. अकरा वर्षांचं साठलेलं होतं, पण बाईंना ऐन वेळी काही सुचेना.

"अहो," एवढंच त्या हळूच म्हणाल्या.

सुभेदारांचे डोळे भरून आले. "तुझा आवाज इतका गोड आहे, विसरलोच होतो मी," ते म्हणाले. स्वतःचा आवाजही त्यांना कितीतरी वर्षांनी ऐकू येत होता, त्यामुळे ते अगदी खालच्या पट्टीत बोलले.

"काय?" बाईंनी विचारलं.

त्यांनी तेच पुन्हा सांगितलं.

"तोंडातल्या तोंडात काय पुटपुटताय? जरा मोठ्याने बोला."

मॅडमनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. त्या घरात कुणी कधी हळू बोललंच नव्हतं, तेव्हा बाईंचे कान कसे आहेत हे कळायला काही मार्गच नव्हता. सवलत पत्नीलाही लागू होती. मॅडमनी बाईंना लगेच खुर्चीत बसवलं. बाईंनी बटण घट्ट धरलं, डोळे मिटले आणि अगदी प्रामाणिकपणे वीसपैकी सहा वेळा दाबलं.

मॅडमनी पेन उघडलं. सुभेदार उठले आणि टेबलाशी जाऊन कागदावर हात ठेवून उभे राहिले.

"एवढ्यात लिहू नका, मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले. "हिची पहिलीच वेळ आहे. घरी चार दिवस सराव करून घेतो, मग बघा."