मोबाईल नव्हे, मोबील!

सबनीसकाकांसमोर 'मोबाईल' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला नवीन आलो तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला मी सहज म्हणालो, "काका, तुमचा मोबाईल नंबर द्या ना." काकांनी तिळाची वडी बशीत परत ठेवली. "मोबाईल नव्हे, मोबील. अलाबामातलं शहर. मुळात फ्रेंच." पुढचा सव्वा तास मी जागचा हललो नाही. नंबर शेवटपर्यंत मिळाला नाही, कारण काकांकडे मोबाईलच नव्हता.

काका इथल्या रस्ते खात्यातून निवृत्त झालेले. आमचं गाव आधी कागदावर आखलं आणि मग बांधलं. त्यामुळे गावाला इतिहास असा नाही, चौकाचौकात गोल वळसे घालणारी राउंडअबाउट आहेत. त्यातली दोन काकांच्या हातची. त्यांच्या बोलण्यालाही तेच वळण होतं. कुठूनही आत शिरा, बाहेर मोबीललाच पडायचं.

मी घर घ्यायचं मनात घेतलं, तेव्हा वडीलधारा माणूस म्हणून त्यांचा सल्ला विचारायला गेलो. काका म्हणाले, "फ्रेंचांनी पण घाई केली. आधी नदीच्या वरच्या अंगाला गाव वसवलं. पूर आला. मग अख्खं मोबील उचलून खाली आणलं. तुम्ही सर्व्हे नीट करून घ्या." एवढ्या लांबून आलेला असला, तरी सल्ला चांगला होता.

माझ्या बायकोने, अनघाने, एकदा मक्याची भाकरी केली होती. काकांनी पहिला घास हातातच धरला. "तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सहून मोबीलला मुली पाठवल्या, जहाजाने. तिथल्या फ्रेंच लोकांशी लग्नं लावायला. मुली उतरल्या आणि बघतात तर काय, जेवायला मका! त्यांनी बंड पुकारलं. गहू द्या, नाहीतर आम्ही परत जातो." अनघाने निमूटपणे आत जाऊन गव्हाच्या पोळ्या लाटल्या. बंड न करता गहू मिळवणारे ते एकटेच.

कार्निव्हलचं नाव काढलं की काका तर पेटायचेच. "लोक न्यू ऑर्लिन्स न्यू ऑर्लिन्स करतात. ते नंतरचं! पहिली मिरवणूक मोबीलची." मी पुण्याचा. मिरवणुकीत मान कुणाचा पहिला, यावरून माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे मी लगेच मोबीलच्या बाजूने झालो. खरं सांगायचं तर सुटका व्हावी म्हणून झालो.

चुका दुरुस्त करणं हा काकांचा दुसरा छंद. मंडळाच्या मराठी वर्गात इथे जन्मलेली पोरं यायची. एखादी चिमुरडी रडत "माझी पाय दुखते" म्हणाली, की काका पायाकडे न बघता म्हणायचे, "माझा! दुखतो!"

त्यांची मुलगी शलाका लग्नानंतर मोबीललाच असते, एवढं आम्हाला माहीत होतं. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. शलाकाबद्दल विचारलं की काका "बरी आहे" म्हणायचे आणि शहराकडे वळायचे. मुलीबद्दल दोन शब्द आणि गावाबद्दल दोन तास. विक्षिप्त माणूस, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. ठरवायला आम्हाला वेळ लागत नाही.

तीन वर्षं काका मंडळाच्या मागे लागले होते, "माझं एक व्याख्यान ठेवा." आमच्या अध्यक्षा लीनाताई कधी हॉल नाही म्हणायच्या, कधी तारीख नाही. शेवटी सेक्रेटरी झालो मी, आणि मला नाही म्हणता येत नाही. काकांनी विषय स्वतःच्या अक्षरात लिहून दिला: 'मोबीलचा इतिहास'. ईमेल पाठवायच्या गडबडीत माझ्या बोटांनी सवयीने टाईप केलं, 'मोबाईलचा इतिहास'. खाली 'चहा व सामोसे' होतंच.

आमच्या हॉलमध्ये एवढी गर्दी मी दिवाळीलाही पाहिली नव्हती. कॅमेऱ्याचा फोन म्हणजे ऐट, असे ते दिवस होते. नागपूरच्या एका सॉफ्टवेअर टेस्टरने लॉक झालेलं सिम आणलं होतं. एक आजी फोन आणि चार्जर दोन्ही घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. काका कोट-टाय घालून आले, गर्दी पाहिली आणि त्यांचा चेहरा असा फुलला की चूक सांगायला मी उठलो होतो तो परत खाली बसलो.

पहिली दहा मिनिटं लोकांना वाटलं, प्रस्तावना चालू आहे. फ्रेंच आले, पूर आला, इंग्रज आले, स्पॅनिश आले. मग टेस्टरने हात वर केला. "काका, ब्लूटूथ कधी आलं?"

काकांनी चष्मा काढला. "काय?"

"म्हणजे, मोबाईलमध्ये?"

एरवी काकांनी त्याला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी त्यांनी हॉलभर नजर फिरवली, आजींचा चार्जर पाहिला, आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. "मोबाईल नव्हे," एवढंच हळू म्हणाले. सामोसे आले तेव्हा अर्धा हॉल तिकडे वळला. काका उरलेल्यांना जहाजातून आलेल्या मुलींची गोष्ट सांगत राहिले. शेवटी म्हणाले, "त्या मुलींच्या बापांबद्दल मात्र इतिहासात काही सापडत नाही." आणि कागद घडी करून खिशात ठेवले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. माफी मागायला त्यांच्याकडे गेलो. काका माझ्याकडे नाही, घड्याळाकडे बघत होते. चार वाजता घरचा फोन वाजला. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"बाबा, कशे आहात? तुमची आवाज नीट येत नाही."

मी काकांकडे बघितलं. 'तुमची आवाज'! काका हसत होते. "मी मजेत. तू सांग."

"या वीकएंडला काय केलंत?"

"काही नाही गं. तू सांग ना."

"आम्ही काल डॉफिन स्ट्रीटवर गेलो. तुम्हाला माहिती आहे का, ती रस्ताला असं नाव का आहे?"

"नाही बुवा," काका म्हणाले. "का?"

"डॉल्फिनवरून! इथे समुद्र आहे ना, म्हणून. स्पेलिंग कोणीतरी रॉंग केली असणार."

फ्रान्सच्या राजाच्या थोरल्या मुलाला डॉफिन म्हणत, हे मी काकांकडून सहा वेळा ऐकलं होतं. 'मुळात फ्रेंच!' माझ्या अगदी ओठावर आलं. काकांनी झटकन ओठांवर बोट ठेवलं. मग फोनकडे वाकून म्हणाले, "अरे वा! डॉल्फिनवरून होय! आणखी काय काय आहे तिथे?"

ती सांगत राहिली. बरंच चुकीचं सांगत होती. काका "हो का?" आणि "कमाल आहे!" म्हणत होते.

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "अठ्ठावीस मिनिटं. ही होती तेव्हा माय-लेकींचं तासन्‌तास चालायचं. ही गेल्यावर फोन माझ्या हातात आला. बोलायचं काय? हवा कशी आहे, जेवलीस का. संपलं. म्हणून मी तिच्या गावाची पुस्तकं आणली. पहिल्यांदा उत्साहाने सगळं सांगून टाकलं, तिच्या चुका काढल्या. ती म्हणाली, 'बाबा, तुम्हाला सगळं माहितीच आहे, तर मी काय सांगू?' फोन चार मिनिटांवर आला. तेव्हापासून मला मोबीलमधलं काही माहीत नाही." त्यांनी फोनची वायर सरळ केली. "पण वाचलेलं कुठेतरी सांगावंसं वाटतंच ना. म्हणून तुम्हाला पिडतो."

माफीची वाक्यं वाटेत जुळवून आणली होती, त्यातलं एकही आठवेना. काकांनी किटली लावली आणि जरा चाचरत विचारलं, "आता डॉफिन म्हणजे खरं काय, ते तुम्हाला माहीतच असेल?"

मी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बसलो.

"नाही हो काका," मी म्हणालो. "सांगा ना."