केसरशेठतर्फे तुळशीरामनाना

स्वतःला टॅक्स लागावा एवढं उत्पन्न आमच्या तुळशीरामनानांना जन्मात झालं नाही. तरी दरवर्षी ते परीटघडीचं धोतर नेसून, टोपी घालून जळगावच्या इन्कम टॅक्स ऑफिसात जात आणि एका मेलेल्या माणसाचा टॅक्स भरून येत. येताना माझ्या दुकानासमोर थांबून सांगत, "भरलं भो. शेठचं काम कधी उशिरा नाही."

शेठ म्हणजे केसरचंदशेठ, सरकीचे व्यापारी. माझं स्टोव्ह-बत्ती दुरुस्तीचं दुकान त्यांच्याच गाळ्यात. नाना त्यांच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. एकदा कापूस मोजताना शेठनं गंमत म्हणून की लबाडी म्हणून काट्याच्या मापाच्या पारड्यावर बोट टेकवलं. नाना सगळ्या शेतकऱ्यांसमोर म्हणाले, "शेठ, बोट काढा. बोटाचं वजन मी लिहीत नाही." शेठ लालबुंद झाले. पण त्या दिवसापासून संध्याकाळी सोंगट्या खेळायला त्यांना नानाच लागत, आणि मृत्युपत्र केलं तेव्हा सख्खा पुतण्या बाजूला ठेवून एक्झिक्युटर नेमलं नानांना. म्हणजे शेठच्या मागे ज्याचं त्याला पोचवायचं काम नानांचं.

मी तिसरीपर्यंत शिकलो. चौथीत मास्तरांशी पटलं नाही, म्हणून शाळा मी सोडली. शाळेनं मला काढलं नाही. पण टॅक्सचा कायदा मला वकिलापेक्षा बरा कळतो, कारण नानांनी तो माझ्या ओट्यावर बसून आठ वर्षं सांगितला. "माणूस मेला की सुटला, हे कीर्तनात. कायद्यात नाही. आधी मृत्युकर. मग इस्टेट वाटून संपेपर्यंत तिच्या उत्पन्नावर दरवर्षी इन्कम टॅक्स. आणि टॅक्स भरायच्या आधी वारसांना वाटलं, तर भरपाई एक्झिक्युटरच्या खिशातून!" हे शेवटचं वाक्य ते असं म्हणत, जसं सरकारनं त्यांना पदकच दिलंय.

पुतण्या तिजोरी न्यायला आला तेव्हा नाना दारात आडवे झाले. "आधी सरकार, मग तू."

"नाना, कधीपर्यंत थांबू?"

"घाई शे? मग तूबी मृत्युपत्र करी ठेव."

हळूहळू बठ्ठं सगळं वाटून झालं. तिजोरी पुतण्याला गेली, घर शेठाणींना, बाजारातल्या पाणपोईचा ट्रस्ट झाला. राहिला फक्त माझा गाळा. तो शेठच्या मुलीचा, धुळ्याला दिलेल्या कमलाचा. तेवढा मात्र नाना देईनात. माझ्या भाड्यावर इस्टेट चालू. पावतीवर लिहीत, 'कै. केसरचंदशेठ यांची इस्टेट, तर्फे तुळशीराम.' हे 'तर्फे' त्यांच्या अंगात भिनलं. लग्नात आहेर केला तर शेठतर्फे. बाजारात भरताचं वांगं हातात घेऊन म्हणायचे, "शेठतर्फे सांगतो, हे किडकं शे."

एका वर्षी ऑफिसात नवे साहेब आले. त्यांची नोटीस आली : करदात्यानं जातीनं हजर राहावं. नाना मला भाडेकरू म्हणून घेऊन गेले.

"करदाते कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"स्वर्गात. तर्फे मी."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आजोबा, सगळं वाटून झालंय. एक गाळा मुलीला दिला की फाईल बंद. आठ वर्षं काय करताय?"

"विचार करतोय," नाना म्हणाले. "गाळा शे, साहेब. पेरू नाही, उचलला अन् दिला."

बाहेर आल्यावर मी झापलं. मी कुणाची भीड ठेवत नाही. "नाना, तुम्ही पोरीचं अडवून बसलात. शेठच्या काट्यावरचं बोट दिसलं, अन् स्वतःचं दिसत नाही?" नाना महिनाभर माझ्या ओट्यावर आले नाहीत. मीही बोलवायला गेलो नाही.

मग कमला आली, धुळ्याहून एसटीनं. नाना भाड्याची पावती द्यायला आले होते, तिथेच गाठलं तिनं. नाना लगेच सुरू झाले, "यंदा तुझ्या बापूंना घरपट्टीची सूट मिळाली बरं का. बापू एकदम खूष!"

ती ऐकून घेत होती. मग हळूच म्हणाली, "नानाकाका, सासरचे मला हसतात. म्हणतात, बापानं दुकान दिलंय म्हणते, दाखव कागद. मी काय दाखवू?"

नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "आठ दिवस दे, बेटा."

आठ लागले नाहीत. चौथ्या दिवशी गाळा दिल्याचा कागद झाला, कमलाची सही झाली, आणि आम्ही साहेबांकडे गेलो. साहेबांनी फाईलवर शिक्का मारला. "सुटलात आजोबा. आता यायची गरज नाही."

"शेठच्या नावानं नोटीस?"

"नाही येणार."

"चुकून?"

"चुकूनसुद्धा नाही."

नाना गल्लीत आल्यावर स्वतःच्या घरात शिरले नाहीत. दाराबाहेरच्या फरशीवर टोपी काढून बसले आणि मला म्हणाले, "भो, बादलीभर पानी आन."

मी आणलं. अंगावरच्या कपड्यांसकट त्यांनी डोक्यावर ओतून घेतलं. समोरच्या सखूअक्का धावत ओट्यावर आल्या. "अगं बाई! नाना, कोण गेलं?"

"केसरशेठ."

"अहो, त्यांना आठ वर्षं झाली!"

"आज गयात," नाना म्हणाले.

मी दुसरी बादली भरायला गेलो.