साहेबांचं गोणपाट

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण साहेबांच्या गमती सांगायला लागलो की माणसं हसतात, आणि माणसं हसायला लागली की माझी चूक अलगद बाजूला सरकते. गेली दोन वर्षं मी ती अशीच सरकवत आलो. एका बाईला मी फाटकातून परत पाठवलं आणि त्यासाठी साहेबांचं नाव वापरलं. एवढं कबूल करून मग साहेबांकडे वळतो.

राज्यमंत्री झाल्यावर साहेबांना मुंबईत सरकारी बंगला मिळाला. त्यातली न्हाणी आमच्या शाळेच्या ऑफिसपेक्षा मोठी. तिच्यात पांढराशुभ्र टब, आणि टबाच्या काठावर ओलं गोणपाट गुंडाळून ठेवलेलं. पहिल्याच आठवड्यात खात्याचे सचिव हात धुवायला आत गेले आणि हात न धुताच बाहेर आले.

"आत काहीतरी मेलंय का?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"मेलं न्हाई, उगवून राह्यलं!" साहेब बाहेरच्या खोलीतून ओरडले.

साहेब म्हणजे मूळचे मुरलीधरशेठ. जालन्याच्या बाजारात त्यांचं बियाण्यांचं दुकान. आमदार झाले तेव्हा मुरलीभाऊ झाले आणि मंत्री झाल्यावर नुसतेच साहेब. माणूस वर चढतो तसं त्याचं नाव आखूड होत जातं. मी अंबडच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. माझं अक्षर चांगलं आणि कणा लवचीक, म्हणून ते आमदार झाल्यावर त्यांनी मला पीए करून घेतलं.

गोणपाटाची गोष्ट साधी आहे. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा ओळींत मांडायचे, गुंडाळी करून सुतळीनं बांधायची, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं आणि सातव्या दिवशी उलगडून कोंब मोजायचे. नव्वदच्या वर आले तर बियाणं चांगलं. आमच्याकडे पेरणीआधी बरेच शेतकरी हे करतात. फरक एवढाच, की शेतकरी हे फक्त बियाण्याच्या बाबतीत करतात. साहेब सगळ्या जगाच्या बाबतीत करत.

"उगवण किती?" हा त्यांचा प्रश्न. एका वाचनालयाच्या उद्‌घाटनाला त्यांनी फीत कापायच्या आधी ग्रंथपालाला गाठलं. "शंभर पुस्तकं दिली तर वाचली जातात किती? बराबर आकडा सांगा." ग्रंथपाल बिचारा "तशी वाचनाची गोडी..." असं काहीतरी पुटपुटला. "म्हंजे गोणपाटातच सडली," साहेब म्हणाले आणि फीत कापली. भाच्यासाठी स्थळ आलं तेव्हा मुलीकडचे लोक जमिनीचं, नोकरीचं, पाहुण्यारावळ्यांचं सांगत होते. साहेबांनी मध्येच विचारलं, "तुमच्या घरानं जुळवलेल्या लग्नांची उगवण काय?" मुलीच्या आजीनं बोटांवर मोजून खरंखुरं उत्तर दिलं. साहेब त्या आजीवरच खूश झाले आणि लग्न ठरलं.

राजकारणात ते याच वाटेनं आले. तीन पक्षांची माणसं तिकीट घेऊन दुकानात आली होती. साहेबांनी तालुक्यातल्या शंभर माणसांची नावं काढली, एकेकाला चहाला बोलावून विचारलं आणि ज्या पक्षाचे कोंब जास्त, त्याचा गमछा गळ्यात घातला. विचारसरणीचं काय, असं एका पत्रकारानं विचारलं.

"ते खत हाय," साहेब म्हणाले. "मागून टाकता येतं."

पुढे विरोधी बाकावर असताना त्यांनी सभागृहात विचारलं, "सरकारनं शंभर घोषणा पेरल्या, उगवल्या किती?" सगळं सभागृह हसलं. पेपरात फोटो आला. त्यानंतर साहेबांनी पुन्हा एकदा शंभर माणसांना चहा पाजला, सरकारी बाजूच्या बाकावर जाऊन बसले आणि मंत्री झाले. तेव्हापासून सभागृहात त्यांनी तो प्रश्न कधी विचारला नाही. त्यांच्या स्वतःच्या घोषणा कोणी मोजू नयेत याची व्यवस्था माझ्याकडे होती. ती मी मन लावून पाहिली.

आता कौसाबाई.

दुकान टाकल्याच्या पहिल्याच वर्षी मुरलीधरशेठनं टेंभुर्णीच्या कौसाबाईला सोयाबीनचं बियाणं विकलं आणि ते उगवलं नाही. दुसरं कोणी असतं तर बोंबललं असतं किंवा तक्रार केली असती. कौसाबाईनं रान उकरून न उगवलेले दाणे वेचले, पदरात बांधले, एसटीनं जालन्याला आली आणि भर गिऱ्हाइकांत ते काउंटरवर ओतले.

"मोज, मुरल्या," ती म्हणाली. "माझ्या देखत मोज. किती मेले ते तुझ्या तोंडानं सांग."

शेठनं मोजले. मग नवी थैली दिली. पण ती घ्यायच्या आधी बाई म्हणाली, "आधी गोणपाटात घालून दाव." ती सात दिवस जालन्यात बहिणीकडे राहिली आणि सातव्या दिवशी येऊन स्वतः कोंब मोजून गेली.

तेव्हापासून तो रिवाज पडला. दर वर्षी पेरणीच्या आधी कौसाबाई यायची. शेठ दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसायचे, तिच्यापुढे गोणपाट उलगडायचे आणि ती चष्मा पुसून मोजायला लागायची. आमदार झाले तरी शेठ फरशीवरच बसले. मी तो सोहळा तीन-चार वेळा पाहिला आहे. दहावीच्या निकालाला पोरं बसतात तसे ते बसायचे.

"ब्याण्णव. आठ कुठं गेले?"

"आता माय, शंभरातले शंभर कोणाचे उगवतात?"

"मला इचारतो? इकणारा तू. आन् पोट किती सुटलंय! कोंब सोड, तूच फुगून राह्यला."

शेठ खुशीत हसायचे. सबंध जिल्ह्यात त्यांना मुरल्या म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. हे मला कळत होतं. पण त्याचा अर्थ कळत नव्हता. मला वाटायचं, जुनी सवय आहे, सुटेल.

मंत्री झाल्यानंतरचं पहिलं वर्ष. जालन्याच्या घरी बैठक होती. अंगणात सरकारी गाड्या, पांढरे कपडे, दोन पुढारी, सहा अधिकारी. मी नवा सफारी घातला होता. तेवढ्यात फाटकातून खणखणीत आवाज आला.

"मुरल्या हाय का घरात?"

पुढाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक अधिकारी हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेठचा अपमान झाला म्हणून नव्हे. नव्या सफारीतल्या माझा झाला म्हणून. मी फाटकापाशी गेलो.

"बाई, साहेब म्हणा. साहेब बैठकीत आहेत. काय काम असेल ते अर्जात लिहून द्या. तीन प्रतीत."

"मी आन् अर्ज?" ती माझ्याकडे बघत राहिली. "मुरल्यानं सांगितलं का असं?"

इथे मला "नाही" म्हणता आलं असतं. "थांबा, विचारून येतो" म्हणता आलं असतं. मागे माणसं बघत होती.

"हो," मी म्हणालो. "साहेबांनीच सांगितलंय."

हातातला चष्मा तिनं पुन्हा पिशवीत ठेवला आणि वळली. आमचा ड्रायव्हर शकील गाडी पुसत होता. त्यानं फडकं खाली टाकलं आणि तिला स्टँडपर्यंत सोडून आला. परत आल्यावर मला म्हणाला, "सर, गलत हो गया." मी त्याला गाडी धुवायला सांगितलं.

बैठक संपल्यावर साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "टेंभुर्णीची माय आल्ती का?"

"नाही, साहेब."

पहिलं खोटं सांभाळायला दुसरं लागतं. तिच्यासाठी जालन्याच्या घरच्या न्हाणीत गोणपाट तयार होतं. ते आठ दिवस तसंच राहिलं. कोंब लांब झाले, पिवळे पडले, वास मारायला लागले. "एसटी चुकली आसल," साहेब म्हणत. "येती उद्या."

दुसऱ्या वर्षी ते ओलं गोणपाट मांडीवर घेऊन मुंबईहून जालन्याला आले. धोतर भिजलं, सरकारी गाडीची गादी भिजली. कौसाबाई आली नाही. ती बरी आहे का, हे त्यांनी दुसऱ्या माणसाकडून काढलं. बरी होती. पेरणीही झाली होती. बियाणं दुसऱ्या दुकानातून नेलं होतं.

"म्या मंत्री झालो, ते तिला आवडलं न्हाई," साहेब मला म्हणाले. "बाकडी बदलली ना आपण. ध्यानात ठेवलं तिनं. मोजलं मला आन् टाकून दिलं."

मग ते फरशीवर बसले आणि एकट्यानंच कोंब मोजले. "सत्त्याण्णव," ते म्हणाले.

"वा साहेब! उत्तम!" मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं. "सर, तुम्ही तर बासष्टलाबी वाहवा केली आस्ती."

ते वाक्य मला वर्षभर पुरलं. तरी मी गप्प राहिलो. नोकरी जाईल ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही, की ते माझ्याकडे बघतील.

या वर्षी पेरणीचे दिवस जवळ आले आणि गोणपाट कोरडंच राहिलं. मी दोनदा आठवण करून दिली. "कशाला?" साहेब म्हणाले. त्यानंतर माझ्या लक्षात आलं की त्यांनी 'उगवण किती' विचारणंच सोडलंय. फाइल आली की सही. कोणी काही सांगितलं की "बराबर, बराबर." ज्या प्रश्नाला आम्ही ऑफिसात तोंड दाबून हसायचो, तो प्रश्न बंद झाला आणि साहेब इतर मंत्र्यांसारखेच झाले. बंगल्यावरची माणसं म्हणाली, साहेब आता कुठे मुरले. शकील म्हणाला, "सर, बोल के टाको. मेरे कू पूछेंगे तो मैं झूठ नहीं बोलूंगा."

मी सांगितलं. त्यांच्या जुन्या दुकानात, दुपारी, फरशीवर उभा राहून.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तिनं माझं नाव घेऊन इचारलं?"

"हो."

"मुरल्या म्हणूनच?"

"हो."

"आन् तुम्ही हो म्हणाले."

"हो, साहेब."

त्यांनी काउंटरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "शकील, गोणपाट भिजव."

सातव्या दिवशी आम्ही टेंभुर्णीला गेलो. गाडी साहेबांनी गल्लीच्या तोंडाशी थांबवली, गोणपाट माझ्या हातात दिलं. "माझ्या नावानं तुम्ही घालवली. आता तुमच्याच तोंडानं बोला. म्या हितं बसतो." मंत्रिमहोदय काच वर करून, अंग चोरून मागच्या सीटवर बसले.

कौसाबाई ओट्यावर तूर निवडत होती. मला पाहून तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"कोण?"

"मी साहेबांचा पीए."

"कोण साहेब?"

"मुरल्या," मी म्हणालो.

तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता गोणपाट उलगडून मोजतही होती. माझं बोलणं संपलं तरी तिची मोजणी चालूच होती.

"त्र्याण्णव," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुमचं काय काम आसल ते अर्जात लिवून द्या. तीन प्रतीत."

मला वाटलं, थट्टा करतेय. तिनं घरातून वही आणि पेन आणून माझ्यापुढे ठेवलं. मी ओट्यावर बसून लिहायला लागलो. आयुष्यात मी हजारो अर्ज लिहिले, शेकडो परत पाठवले. इतका वेळ कुठल्याच अर्जाला लागला नव्हता. तिन्ही प्रती हातानं लिहिल्या, सही केली आणि पुढे धरल्या.

"मला वाचता कुठं येतं? वाचा तुम्ही. आन् मोठ्यांदा वाचा. कोपऱ्यावर गाडीत जो लपून बसलाय, त्याला ऐकू गेलं पायजे."

गल्लीच्या तोंडाशी गाडीची काच खाली झाली. मी उभा राहिलो आणि वाचलं:

"प्रति, श्रीमती कौसाबाई, मु. टेंभुर्णी. विषय: माफी मिळणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, दोन वर्षांमागे आपण दारी आला असता मी आपणांस फाटकातून परत पाठवले. मुरल्याने तसे सांगितले नव्हते. मुरल्या आत गोणपाट घेऊन आपली वाट बघत होता, आणि पुढच्या वर्षीही बघत होता. चार लोकांत मला आपली लाज वाटली म्हणून मी खोटे बोललो. लाज माझी मला वाटायला हवी होती. ती आता वाटत आहे. मी चुकलो. मला माफ करा."