मोबाइलवरची बैठक

पोळ्यापासून खुशालराव आणि त्यांचा पोरगा श्याम एकमेकांशी बोलत नव्हते. जे काय बोलायचं ते रुख्मिणीबाईंमार्फत. "त्याले म्हन, मोटर बंद कर," असं बाप म्हणायचा, तेव्हा पोरगा तीन हातांवर बसून ऐकतच असायचा. तरी रुख्मिणीबाईंनी ते पुन्हा सांगितल्याशिवाय तो उठत नसे. दोघांचे निरोप पोचवता पोचवता त्या माउलीचा जीव मेटाकुटीला आला होता.

कारण एवढंच, की श्यामला नांदगाव पेठेतल्या एका कापडगिरणीत काम मिळत होतं. सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला, असा गिरणीचा निरोप होता. बापाच्या होकाराशिवाय श्याम जाणार नव्हता, आणि खुशालरावांचं म्हणणं, तीन वर्षं कपाशी बुडाली म्हणून चौथ्या वर्षी कोणी वावर सोडतं का?

मुलगी पौर्णिमा अमरावतीला राजापेठेत शिकवण्या घ्यायची. तिला तिवश्याजवळच्या आपल्या गावी यायला सवड नव्हती. म्हणून तिनं घरच्यांसाठी मोबाइलवर व्हिडिओ समुपदेशन ठरवलं. आता 'समुपदेशन' म्हटलं असतं तर बापानं "मी का येडा हाओ?" म्हणून फोनच आपटला असता. तेव्हा तिनं आईला फोनवर मोघम सांगितलं, "रविवारी अकरा वाजता पुण्याच्या एक मॅडम व्हिडिओवर येतीन. लय शिकलेल्या हायेत. घरातल्या समद्यायसंग बोलतात. बाबाले म्हन, श्यामबद्दल चांगलं बोलजा."

खुशालराव शेजारीच कान देऊन बसले होते. त्यांनी ते ऐकलं आणि आपल्या परीनं सगळं ओळखलं. तीन वर्षांत श्यामच्या लग्नाला पाच ठिकाणांहून "शेतीवाला नको" म्हणून नकार आला होता. आता पुण्याची पोरगी स्वतःच मुलगा पाहायला येते म्हणजे जमाना फारच पुढे गेला!

रविवारी सकाळीच रुख्मिणीबाईंचे भाऊ चंद्रभान आले. सोयरीक जुळवण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. पोहे झाले, सतरंजी पडली, मोबाइल मुरमुऱ्याच्या डब्याला टेकवून ठेवला. "त्याले म्हन, भांग नीट पाड," खुशालराव बायकोला म्हणाले. खरी गोष्ट पौर्णिमानं श्यामला सांगितली होती. समुपदेशनाला भांग कशाला, हे त्याला कळेना. पण त्यानं मुकाट्यानं पाडला.

ठीक अकराला मॅडम दिसल्या. "नमस्कार! सुरुवातीला तुम्हाला माझ्याबद्दल काही विचारायचं असेल तर मोकळेपणानं विचारा."

चंद्रभान याचीच वाट पाहत होते. "शिक्षन?"

"मानसशास्त्रात एम. ए."

"सैपाक येते?"

"येतो की," मॅडम हसल्या.

"जराशा उभ्या राहून दाखवान काय?"

मॅडम बिचकल्या. पण खेड्यातल्या माणसांचा आधी विश्वास मिळवावा लागतो, असं त्या शिकल्या असाव्यात. त्या उभ्या राहिल्या. चंद्रभाननी भाऊजींना डोळ्यानंच सांगितलं, उंची बरी आहे.

"आता बाबा, श्यामचे तुम्हाला आवडणारे गुण सांगा बरं."

खुशालराव सरसावून बसले. "अवो, हिरा हाये हिरा! सुपारीचं खांड खात नाई. मागच्या साली मी आजारी होतो तं एकट्यानं समदी वेचनी काढली, अन् रोज माये पाय दाबले. असं पोरगं दिवा घेऊन धुंडलं तरी भेटनार नाई."

श्याम चमकून बापाकडे पाहू लागला. पस्तीस वर्षांत हे त्यानं पहिल्यांदा ऐकलं होतं. रुख्मिणीबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"आणि त्याच्या नोकरीबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?" मॅडमनी हळूच मुद्द्याला हात घातला.

खुशालरावांना सहावा नकार नको होता. "करनारच नौकरी! उद्यापासून गिरनीत जाते. वावराचं मी पायतो. मी सोता त्याले फटफटीवर स्टँडवर सोडून देनार!"

"वा! वाद पहिल्याच भेटीत मिटला," मॅडमना आनंद आवरेना.

"मंग पसंत हाये म्हना ना!"

"काय पसंत?"

"पोरगं!"

मॅडमचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अहो, माझी मुलगी आठवीत आहे!" त्या म्हणाल्या आणि मग त्यांनी समुपदेशन म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावून सांगितलं. पण ऐकायला जागेवर कोण होतं? खुशालराव केव्हाच उठून उभे राहिले होते.

"फशिवलं मले! पोरगी खोटी, बैठक खोटी, मंग माया शब्दही खोटा!"

"असं कसं भाऊजी?" चंद्रभान पोह्यांची बशी खाली ठेवत म्हणाले. "बैठक खोटी असन, पोहे खरे होते. चार मानसात देलेला शब्द हाये. आता फिरवता येत नाई."

शब्दाला जागणाऱ्या माणसाची हीच तर पंचाईत. सोमवारी सकाळी खुशालराव तोंड फुगवून फटफटीवर बसले, श्याम डबा घेऊन मागे. तिवश्याच्या स्टँडपर्यंत दोघांत चकार शब्द नाही. निरोप पोचवायला रुख्मिणीबाईही नव्हत्या.

एसटी आली. श्याम वाकून पाया पडला. खुशालराव इकडेतिकडे पाहत राहिले, मग न राहवून त्यांनी विचारलं, "काहून रे, त्या गिरनीत पोरीही असतात काय कामाले?"

"असतात ना, बाबा. लय असतात."

खुशालरावांनी खिशातून स्वतःचा कंगवा काढून त्याच्या हातात दिला.

"मंग भांग नीट पाडून जाय."